उभे प्रवासी, बसलेले प्रवासी : बफर आणि अमिनो आम्लं एकाच धड्यात

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला जीवरसायनशास्त्राचं एक प्रात्यक्षिक असतं. स्टँडमध्ये नऊ परीक्षानळ्या. प्रत्येकीत अ‍ॅसेटिक आम्ल आणि सोडियम अ‍ॅसिटेट, पण दोघांचं प्रमाण वेगवेगळं. त्यामुळे पहिल्या नळीचा सामू (पीएच) साडेतीनच्या आसपास, शेवटच्या नळीचा सहाच्या जवळ. दिसायला नऊही नळ्या सारख्या, पाण्यासारख्या. मग प्रत्येकीत केसीनच्या, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या, द्रावणाचा एकेक मिली घालायचा, नळी हलवायची आणि बघत बसायचं. पहिली नळी स्वच्छ राहते. शेवटचीही राहते. मधल्या दोन-तीन नळ्या मात्र ताकासारख्या गढुळतात आणि त्यांतल्या एकीच्या तळाशी थोड्या वेळात पांढरा साका बसतो. त्या नळीचा सामू असतो ४.६ च्या आसपास.

हे प्रात्यक्षिक मी बरीच वर्षं घेतो आहे. मुलं जर्नलमध्ये ‘केसीनचा समविद्युत बिंदू ४.६’ (म्हणजे काय, ते पुढे येईलच) असं लिहून सही घ्यायला येतात. मी विचारतो, ‘जास्त आम्ल घातलं की दूध फाटतं, हे कळलं. मग सर्वांत जास्त आम्ल असलेली पहिली नळी स्वच्छ का?’ वर्गात शांतता. दोष मुलांचा नाही. बफर (सामू सहजासहजी हलू न देणारी द्रावणं) एका प्रकरणात शिकवतात, अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) दुसऱ्या प्रकरणात, आणि मध्ये सुट्टी येते. खरं तर ही दोन प्रकरणं नाहीतच. पीकेए नावाची एकच गोष्ट पक्की कळली की दोन्ही तिच्यातून निघतात. म्हणून आधी ती.

एसटीतली गर्दी

सामू हा शब्द शहरातल्या मुलांना दहावीनंतर भेटत नाही, पीएच म्हटलं की ओळख पटते. शेतकऱ्याला मात्र तो माती परीक्षणाच्या अहवालात दर वेळी भेटतो. हे माप १९०९ साली सोरेन सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने आणलं, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. बिअरवाल्यांची प्रयोगशाळा. तो विकरांवर (एन्झाइमांवर) काम करत होता आणि त्याच्या लक्षात आलं, की विकराचं काम द्रावणात एकूण किती आम्ल ओतलंय यावर ठरत नाही. मोकळे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, किती आहेत, यावर ठरतं.

एकूण आणि मोकळे, हा फरक महत्त्वाचा. समजा, एसटी उभी आहे. काही प्रवासी बसलेत, काही उभे आहेत. सामू मोजतो तो फक्त उभ्यांना. उभा प्रवासी म्हणजे मोकळा प्रोटॉन, बसलेला म्हणजे कुठल्या तरी रेणूला चिकटलेला प्रोटॉन, आणि सीट म्हणजे रेणूवरची ती जागा. मोजमाप उलटं आहे, हे तेवढं डोक्यात ठेवा: उभे जितके कमी, तितका सामू मोठा. आणि तो घातांकाचा आकडा आहे, म्हणजे सामू एकाने उतरला की उभ्यांची संख्या दहापट.

आता सगळ्या सीटा सारख्या नसतात. हायड्रोक्लोरिक आम्लाची सीट म्हणजे खिळे वर आलेलं बाकडं, तिथे कुणी बसतच नाही. सगळे प्रोटॉन उभे, म्हणून ते तीव्र आम्ल. अ‍ॅसेटिक आम्लाचं साधं लाकडी बाक: गर्दी बरीच असेल तर लोक बसतात, थोडी ओसरली की उठतात. अमाइनची (नायट्रोजन असलेल्या गटाची) सीट गुबगुबीत गादीची: गाडी जवळजवळ रिकामी असली, तरी बसलेला माणूस उठायचं नाव घेत नाही.

सीट किती आरामाची आहे, याचा आकडा म्हणजे पीकेए. ज्या गर्दीला एका प्रकारच्या निम्म्या सीटा भरलेल्या आणि निम्म्या रिकाम्या असतात, त्या गर्दीचा सामू म्हणजे त्या सीटचा पीकेए. अ‍ॅसेटिक आम्लाचा ४.७६. फॉस्फेटवर तीन सीटा असतात, त्यांतल्या मधलीचा ७.२. ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या अमाइन टोकाचा ९.६. पुस्तकात पीकेए येतो तो वियोजन स्थिरांकाच्या ऋण लॉगरिदमच्या रूपाने. ते बरोबरच आहे, पण त्या व्याख्येतून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

भरलेल्या-रिकाम्या सीटांचा हिशेब हेंडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०८ साली मांडला आणि पुढच्या दशकात हॅसेलबाल्ख या डॅनिश वैद्याने तो लॉगरिदममध्ये बसवला:

सामू = पीकेए + लॉग (रिकाम्या सीटा ÷ भरलेल्या सीटा)

पुस्तकात रिकाम्याच्या जागी संयुग्मी आम्लारी आणि भरलेल्याच्या जागी आम्ल लिहितात. गणितं सोडवायला लॉगची वही लागत नाही. एकचा लॉग शून्य, दोनचा ०.३, दहाचा एक. एवढ्यावर पहिल्या वर्षाची निम्मी गणितं तोंडी सुटतात. प्रमाण वीसास एक असेल, तर वीस म्हणजे दोन गुणिले दहा, लॉग १.३. हा वीसास एकचा आकडा पुढे रक्तात परत येणार आहे.

बफर म्हणजे निम्मी भरलेली गाडी

निम्म्या सीटा भरलेल्या, निम्म्या रिकाम्या, अशी गाडी असली की काय होतं? बाहेरून नवे प्रवासी घुसले, म्हणजे आम्ल घातलं, तर त्यांतले जवळजवळ सगळे रिकाम्या सीटांवर बसतात आणि उभ्यांची संख्या जेमतेम हलते. उलट सोडियम हायड्रॉक्साइड घातलं, म्हणजे उभ्यांना कुणी खाली उतरवायला लागलं, तर बसलेल्यांतले काही उठून त्यांची जागा घेतात. दोन्ही बाजूंचा साठा असल्याशिवाय हे जमत नाही. सगळ्या सीटा भरलेली गाडी नव्या प्रवाशाला उभंच ठेवणार.

आकड्यांत बघू. एक लिटर फॉस्फेट बफर, ०.१ मोलर (म्हणजे लिटरमागे शंभर मिलिमोल; मिलिमोल हे रेणू मोजायचं माप), सामू ७.४. पीकेए ७.२, म्हणजे लॉग ०.२, म्हणजे प्रमाण १.५८. शंभर मिलिमोल सीटांपैकी सुमारे ६१ रिकाम्या, ३९ भरलेल्या. यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मिलिमोल घाला. रिकाम्या राहिल्या ५१, भरलेल्या झाल्या ४९. प्रमाण जेमतेम एकाच्या वर, नवा सामू ७.२२. हेच १० मिलिमोल एक लिटर साध्या पाण्यात घातले असते, तर सामू सातवरून थेट दोनवर आला असता. म्हणजे उभे प्रवासी एक लाखपट.

आणखी एक आकडा मुलांना सांगितला, की ती दोन मिनिटं गप्प होतात. या बफरमध्ये सामू ७.४ ला मोकळे प्रोटॉन असतात लिटरमागे फक्त ४० नॅनोमोल, आणि बसलेले ३९ मिलिमोल. दर एका उभ्यामागे सुमारे दहा लाख बसलेले. सामूमापकाला दिसतो तो हा एकटा उभा, त्याच्या मागचे दहा लाख त्याला दिसतच नाहीत.

हेच द्रावण दहापट पातळ केलं तर? सामू जवळपास तोच दाखवेल, पण रिकाम्या सीटा उरल्या सहा मिलिमोल. त्यात १० मिलिमोल आम्ल आलं की सगळ्या भरून चार मिलिमोल वर उरतात आणि सामू तीनच्या खाली कोसळतो. म्हणून ‘बफर सामू बदलू देत नाही’ हे वाक्य मला आवडत नाही. बदलू देतो, पण सीटा शिल्लक असेपर्यंत सावकाश. आणि सामू पीकेएपासून एक अंक दूर गेला की सीटा दहास एक या प्रमाणात एका बाजूला कललेल्या असतात. त्याच्यापलीकडे त्याला बफर म्हणण्यात फारसा अर्थ नाही. आमच्या नऊ नळ्यांमध्ये अ‍ॅसिटेटच का, हेही इथेच कळतं. ४.६ च्या दोन्ही बाजू तपासायच्या, तर ४.७६ चा पीकेए अगदी मोक्यावर.

आता माझी एक फजिती. संशोधन करत असताना मे महिन्यात मी ट्रिस बफर केला. खोलीत तिशीच्या वरचं तापमान. सामू ८.० वर नीट आणला, बाटलीवर तारीख-सही घातली, बाटली चार अंशांच्या शीतखोलीत नेऊन ठेवली आणि तिथेच प्रथिन वेगळं काढायला बसलो. तीन दिवस विकर धड काम करेना. ट्रिसचा पीकेए २५ अंशांना ८.१ च्या आसपास असतो आणि दर अंश थंडीला तो सुमारे ०.०३ ने चढतो, हे वाचलेलं होतं, पण परीक्षेपुरतं. शीतखोलीत माझ्या बाटलीचा सामू ८.७ च्या घरात गेला होता. लेबलवर आठ, आत पावणेनऊ. तेव्हापासून बफर ज्या तापमानाला वापरायचा, त्याच तापमानाला त्याचा सामू बघतो, आणि मुलांच्या बाटल्यांवर सामूशेजारी तापमान लिहिलेलं नसेल तर सही देत नाही.

रक्त : बफरला लागलेला मागचा दरवाजा

रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५. एवढ्या अरुंद पट्ट्यात तो धरून ठेवणारा मुख्य बफर बायकार्बोनेटचा, आणि त्याचा पीकेए ६.१. आत्ताच म्हटलं, की एक अंकापलीकडे बफर निकामी. इथे तर फरक १.३ चा आहे. शरीराने चुकीचा बफर निवडला की काय?

हिशेब करून बघू. लिटरभर रक्तद्रवात बायकार्बोनेट (रिकाम्या सीटा) २४ मिलिमोल, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड (भरलेल्या सीटा) १.२ मिलिमोल. प्रमाण वीसास एक, लॉग १.३, सामू ७.४. आता त्यात आम्लाचे ५ मिलिमोल आले. बायकार्बोनेट १९ वर उतरलं आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होऊन तो ६.२ झाला. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत हे घडलं, तर सामू येतो सुमारे ६.६. माणूस जगणार नाही.

पण रक्त ही बंद बाटली नव्हे. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसांतून बाहेर जातो. तो १.२ वरच राहिला, तर प्रमाण १९ ला १.२ आणि सामू ७.३. श्वास थोडा वाढवून तो ०.९५ वर आणला, तर पुन्हा वीसास एक, पुन्हा ७.४. म्हणजे इथे भरलेल्या सीटा काढून मागच्या दरवाजाने फेकून देता येतात. सीट आरामाची आहे की नाही, याचं महत्त्व मग उरत नाही. मधुमेह फार बिघडून रक्तात कीटोन आम्लं साठली, की रुग्ण खोल आणि भराभर श्वास घेऊ लागतो. त्याला कुसमॉल श्वसन म्हणतात. घरच्यांना वाटतं दमा उठला. दमा नसतो, हेंडरसन-हॅसेलबाल्खच्या भागाकारातला खालचा आकडा कमी करण्याची ती धडपड असते. वरचा आकडा, म्हणजे बायकार्बोनेट, भरून काढायचं काम मूत्रपिंडांचं. ते सावकाश, दिवसांच्या हिशेबात चालतं.

पाण्यात न सापडणारं ग्लायसिन

आता अमिनो आम्लं. पुष्कळ पुस्तकांत ग्लायसिन असं काढलेलं असतं: एका टोकाला नायट्रोजन आणि दोन हायड्रोजन, दुसऱ्या टोकाला प्रोटॉन धरून बसलेला कार्बोक्सिल (आम्लाचा) गट, आणि कुठेही प्रभार नाही. मुलं तेच पाठ करतात. असा रेणू पाण्यात जवळजवळ सापडतच नाही.

कारण पुन्हा सीटांचं. कार्बोक्सिलचा पीकेए २.३४, म्हणजे कडक बाकडं. अमाइनचा ९.६, म्हणजे गादी. पुस्तकातल्या चित्रात प्रवासी बाकड्यावर बसलाय आणि शेजारची गादी रिकामी आहे. अशी एसटी कुणी पाहिली आहे का? प्रत्यक्षात गादी आधी भरते. सामू चार ते आठच्या मध्ये बाकडं रिकामं आणि गादी भरलेली असंच चित्र असतं. कार्बोक्सिलची सीट रिकामी झाली की तिथे ऋण प्रभार उरतो. अमाइनची सीट भरली की तिथे धन प्रभार येतो. एकाच रेणूवर दोन्ही, बेरीज शून्य. याला द्विध्रुवी आयन म्हणतात, जर्मन शब्द झ्विटरआयन.

याचा पुरावा बाटलीतच मिळतो. अ‍ॅसेटिक आम्ल आणि ग्लायसिन आकाराने फार वेगळे नाहीत. शुद्ध अ‍ॅसेटिक आम्ल १६.६ अंशांना गोठतं. नागपूर-नाशिकच्या थंडीत सकाळी प्रयोगशाळा उघडली, तर बाटलीत त्याचा बर्फ झालेला असू शकतो. ग्लायसिन मात्र २३० अंशांच्या वर जाईपर्यंत वितळत नाही, आणि तेव्हाही नीट न वितळता करपतं. ते मिठासारखं वागतं, कारण त्याचे रेणू धन-ऋण टोकांनी एकमेकांना घट्ट धरून असतात.

तर ग्लायसिनचा प्रभार असा बदलतो. सामू एकला दोन्ही सीटा भरलेल्या: बाकडं शून्य, गादी अधिक एक, एकूण अधिक एक. सामू सहाला बाकडं रिकामं: उणे एक अधिक एक, शून्य. सामू अकराला गादीही रिकामी: एकूण उणे एक. मधला शून्याचा जो नेमका बिंदू, तो समविद्युत बिंदू, मुलांच्या भाषेत पीआय. दोन पीकेएंची सरासरी: २.३४ अधिक ९.६० भागिले दोन, ५.९७.

इथे एक गंमत आहे, जी परीक्षेत फारशी विचारत नाहीत आणि विचारली पाहिजे. समविद्युत बिंदूला ग्लायसिन बफर म्हणून किती चांगलं? अगदी टाकाऊ. बाकडी जवळजवळ सगळी रिकामी, गाद्या जवळजवळ सगळ्या भरलेल्या. निम्मं-निम्मं कुठेच नाही. ग्लायसिन बफर म्हणून उपयोगी पडतं ते २.३ च्या आणि ९.६ च्या आसपास, आणि त्या दोन सामूंना ते प्रयोगशाळांत वापरतातही.

काही अमिनो आम्लांना बाजूच्या साखळीवर तिसरी सीट असते आणि तिथे मुलं हमखास चुकतात. ग्लुटामिक आम्लाचे पीकेए २.१९, ४.२५ आणि ९.६७. तिन्हींची सरासरी काढून मोकळी होतात. तसं नाही. शून्य प्रभाराच्या अलीकडची पायरी आणि पलीकडची पायरी, या दोनच घ्यायच्या. ग्लुटामिकमध्ये पहिलं बाकडं रिकामं झालं की बेरीज शून्य होते आणि दुसरं रिकामं झालं की उणे एक. म्हणून २.१९ आणि ४.२५ यांची सरासरी, ३.२२. लायसिनमध्ये दोन गाद्या असतात, तिथे शून्य सापडतं ८.९५ आणि १०.५३ यांच्या मध्ये, ९.७४ ला. आधी प्रभार मोजा, मग सरासरी काढा, एवढंच.

चायनीजच्या गाडीवर ज्याला अजिनोमोटो म्हणतात, ते याच ग्लुटामिक आम्लाचं मीठ. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून त्याची चव शोधून काढली. मोनोसोडियम ग्लुटामेट या नावातला ‘मोनो’ आता समजेल: उदासीन पाण्यात दोन ऋण, एक धन, बेरीज उणे एक, म्हणून जोडीला एकच सोडियम.

प्रथिनात गेल्यावर

अमिनो आम्लं एकमेकांना जोडून प्रथिन झालं, की मुख्य साखळीवरचे अमाइन आणि कार्बोक्सिल गट पेप्टाइड बंधांत खर्ची पडतात. उरतं एकेक टोक आणि बाजूच्या साखळ्या. बहुतेक बाजूसाखळ्यांना प्रोटॉनशी देणंघेणं नाही. व्हॅलिन, ल्यूसिनसारख्या तेलकट साखळ्या पाणी टाळून प्रथिनाच्या पोटात शिरतात, सेरिनसारख्या काही प्रभाराशिवायही पाण्यात रमतात. सामू ७.४ ला ऋण प्रभार घेऊन बसतात अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक, धन प्रभार घेऊन लायसिन आणि आर्जिनिन. यांचे पीकेए ७.४ पासून इतके दूर, की शरीरात त्यांचा प्रभार सहसा हलत नाही.

हिस्टिडिनचं तसं नाही. त्याच्या बाजूसाखळीचा पीकेए सहाच्या आसपास. मोकळं हिस्टिडिन ७.४ ला घेतलं, तर शंभरातल्या चारच सीटा भरलेल्या. पण प्रथिनात शेजार बदलला की सीटचा आराम बदलतो. जवळ ऋण प्रभार असला की प्रोटॉन अधिक घट्ट बसतो आणि पीकेए वर सरकतो, सातच्याही पुढे. वीसांत हे एकच अमिनो आम्ल असं, की शरीराच्या सामूला ते निम्मं-निम्मं असू शकतं. कितीतरी विकरांच्या ऐन कामाच्या जागी हिस्टिडिन बसलेलं सापडतं, ते यामुळे.

हिमोग्लोबिन हे त्याचं घरचं उदाहरण. स्नायू राबले की तिथे कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढतं, सामू थोडा उतरतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या अगदी शेवटी, १४६ व्या जागेवर, एक हिस्टिडिन आहे. ते तिथे प्रोटॉन घेतं, धन प्रभारी होतं आणि त्याच साखळीतल्या ९४ व्या अ‍ॅस्पार्टिकच्या ऋण प्रभाराला बिलगतं. ही मिठी ऑक्सिजन सोडलेल्या आकाराला आधार देते, त्यामुळे जिथे गरज तिथेच ऑक्सिजन सुटतो. याला बोर परिणाम म्हणतात. १९०४ साली तो मांडणाऱ्या तिघांत क्रिस्तियान बोर यांच्यासोबत ऑगस्ट क्रोग होते आणि तिसरे हॅसेलबाल्ख, तेच ते, समीकरणवाले.

आता नऊ नळ्यांकडे. केसीनवर ग्लुटामिक, अ‍ॅस्पार्टिक आणि फॉस्फेटच्या सीटा पुष्कळ. ताज्या दुधाचा सामू ६.७ च्या आसपास असतो, तिथे या सीटा बव्हंशी रिकाम्या, म्हणजे केसीनवर भरपूर ऋण प्रभार. कण एकमेकांना ढकलतात, म्हणून दूध एकसंध दिसतं. कोमट दुधाला विरजण लावलं, की जिवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करू लागतात. दूध स्वतःच बऱ्यापैकी बफर आहे. सुरुवातीचे प्रोटॉन त्याचे फॉस्फेट, सिट्रेट आणि केसीन गिळून टाकतात, त्यामुळे पहिले काही तास भांड्यात काही घडतंय असं वाटत नाही. मग सीटा भरत जातात, ऋण प्रभार मिटत जातो, सामू ४.६ कडे येतो तशी धन-ऋण बेरीज शून्यावर येते. ढकलाढकल संपली, कण एकमेकांना धरून जाळं करतात आणि भांडं तिरकं केलं तरी दही हलत नाही. पनीर करताना गरम दुधात लिंबू पिळतो तेव्हा हीच गोष्ट काही क्षणांत उरकते. घाई झाल्याने जाळं न बनता गुठळ्या होतात, इतकाच फरक.

आणि पहिली नळी? तिथे सामू साडेतीन. कार्बोक्सिलच्या बऱ्याच सीटाही भरल्या, ऋण प्रभार उरला थोडा, लायसिन-आर्जिनिनचा धन प्रभार तसाच. केसीन आता धन प्रभारी झालं. कण पुन्हा एकमेकांना ढकलतात, फक्त या वेळी उलट्या प्रभाराने. द्रावण पुन्हा स्वच्छ. दूध आम्लाने फाटतं हे अर्धंच खरं; ते फाटतं प्रभार शून्य झाल्याने.

पट्टीवर मागे राहिलेला डाग

विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आदिवासी पाड्यांवर, गावोगावच्या शिबिरांत त्याच्या तपासण्या होतात. १ जुलै २०२३ पासून तर त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. या आजाराचं मूळ एका अमिनो आम्लात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येतं. ऋण प्रभाराची सीट गेली आणि तिथे तेलकट गाठ आली. ऑक्सिजन सुटला की ही गाठ शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूवरच्या तेलकट खोबणीत जाऊन बसते. एकाला एक लागून दोरे तयार होतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. सामू उतरला की बोर परिणामाने ऑक्सिजन लवकर सुटतो, म्हणून रक्तातली आम्लता वाढणं या रुग्णांना विशेष जड जातं.

हा फरक पहिल्यांदा दिसला तो प्रभारामुळेच. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी आणि सिकलसेल असलेल्या माणसांचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवलं, तर दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकले. नेमकं कुठलं अमिनो आम्ल बदललंय, हे पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी दाखवलं.

इलेक्ट्रोफोरेसिसची साधी पट्टी आजही तेच दाखवते. पट्टीच्या एका टोकाला रक्ताच्या नमुन्याचे बारीक डाग लावायचे, दोन्ही टोकं बफरच्या कुंडात बुडवायची आणि वीज सोडायची. निरोगी हिमोग्लोबिन धनाग्राकडे पुढे जातं. सिकलचं मागे राहतं, कारण दोन बीटा साखळ्यांमागे त्याचे दोन ऋण प्रभार कमी आहेत. वाहक माणसाच्या (ज्याला सदोष जनुक एकाच पालकाकडून आलं आहे, त्याच्या) रांगेत दोन्ही डाग दिसतात, एक पुढे आणि एक मागे. कुंडातला बफर असतो साडेआठच्या आसपासचा. निरोगी हिमोग्लोबिनचा समविद्युत बिंदू सातच्या जवळ, सिकलचा त्याहून किंचित वर. कुणी घाईत सातचा बफर ओतला, तर दोन्ही डाग तासभरानंतरही जवळजवळ लावले तिथेच एकमेकांत मिसळून बसलेले सापडतील आणि वाहक कोण, हे त्या पट्टीवरून सांगता येणार नाही.